सातवीच्या मुलीसाठी गणिताचा ऑनलाइन क्लास: पुढच्या इयत्तेचा नको, खोलातला हवा

आई_विटा

नमस्कार. मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्रजी. पुस्तकातली उदाहरणं पटापट होतात आणि मग प्रश्न सुरू होतात: ऋण गुणिले ऋण धन का? ९ ने भाग जातो का हे बघायला अंकांची बेरीज कशी काय चालते? आसपास शिष्यवृत्तीचे आणि नवोदयचे क्लास आहेत, अबॅकस आहे, पण असल्या प्रश्नांसाठी कुठे काही दिसत नाही. ऑनलाइन शोधलं की तीन वर्षांचं ‘फाउंडेशन’ पॅकेज, वैदिक गणित आणि ‘ऑलिंपियाड’ हे सगळं एकाच पानावर येतं.

आमची मर्यादा अशी: आठवड्याला चार-पाच तास, जुना लॅपटॉप, मोबाईलचा रोजचा दीड जीबी. इंग्रजी वाचते, बोलताना अडखळते. विचारायचं आहे ते हे: कोणता क्लास खरंच उपयोगाचा, हे पैसे भरायच्या आधी कसं ओळखायचं? फुकटात काय चांगलं आहे? ऑलिंपियाडच्या मागे आत्ताच लागावं का?

---

शेष_शून्य (कराड)

ताई, आधी जाहिरातींची चाळण करू. त्या पानावरचे आणि तुमच्या आसपासचे क्लास मिळून तीन प्रकार होतात, आणि तुम्हाला हवा तो चौथा.

अबॅकस आणि वैदिक गणित म्हणजे आकडेमोडीचा वेग. ९८ × ९७ तोंडी येणं छान आहे, पण तिने विचारलेल्या दोन्ही प्रश्नांशी त्याचा संबंध नाही. फाउंडेशन म्हणजे नववी-दहावीचा अभ्यास सातवीत. त्याने तिला दोन वर्षं आधीची सूत्रं मिळतील आणि ‘का’ तिथेच राहील. वर नववीत गेल्यावर वर्गात कंटाळा दुप्पट. परीक्षेचे क्लास परीक्षेपुरते ठीक. तुम्हाला हवा आहे चौथा प्रकार: सातवी-आठवीच्याच सामग्रीवर, म्हणजे विभाज्यता, मूळ संख्या, मोजणी, सम-विषम, साधी भूमिती यांवर, अवघड आणि रेंगाळायला लावणारी कोडी. या प्रकाराच्या जाहिराती सगळ्यात कमी दिसतात, कारण ‘एका तासात एकच गणित झालं’ हे विकायला अवघड.

डेमो क्लासमध्ये शिक्षकांना मुलीचाच प्रश्न विचारू द्या: ऋण गुणिले ऋण धन का? ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. ‘नियमच आहे’ आलं तरी तेच. जरा बरे शिक्षक क्रम मांडतील: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०, म्हणजे दरवेळी २ ने वाढतंय, तर पुढचं (−१) × (−२) हे २ यायला हवं. ज्यांना विषय कळला आहे ते इथे थांबणार नाहीत. ‘हा अंदाज झाला, आता कारण बघू’ असं म्हणून वितरणाच्या नियमावर येतील: (−१) × (−२) आणि १ × (−२) यांची बेरीज म्हणजे (−१ + १) × (−२), म्हणजे शून्य. दुसरं पद −२ आहे, तर पहिलं २ असल्याशिवाय शून्य होणार नाही. अंदाज आणि सिद्धता वेगळ्या आहेत, हे सातवीच्या मुलाला या पातळीवर सांगता येतं. सांगणारा मिळाला की अर्धं काम झालं.

९ चा प्रश्न त्याहून सोपा, तो घरीच सांगता येईल. १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १. म्हणून ४७२ मधून ४ वेळा ९९ आणि ७ वेळा ९ बाजूला काढले की उरतात ४ + ७ + २. बाजूला काढलेलं सगळं ९ च्या पटीत, म्हणून निकाल उरलेल्यावर. मग तिला विचारा की ३ ला हेच का चालतं आणि ७ ला का चालत नाही. ११ चा नियम तिने स्वतः शोधावा, सांगू नका.

डेमोत अजून तीन गोष्टी बघा. बॅच किती मुलांची? बारा-पंधराच्या वर गेली की शिक्षक फक्त उत्तर आलेल्या मुलाकडे वळतात. मुलं विचार करत असताना शिक्षक गप्प किती वेळ बसतात? तीस सेकंदांत स्वतःच उत्तर फोडणारे बरेच असतात, आणि पालक पाहुणे म्हणून बसले असले की हे जास्त होतं, शांतता वाईट दिसते ना. आणि गृहपाठ तपासून परत येतो का, की फक्त ‘बरोबर/चूक’ असा शेरा? मुलीने लिहिलेल्या कारणावर कुणी तरी लाल शाईने काही लिहिणं हाच पैसे देण्यासारखा भाग आहे. बाकी सगळं फुकट मिळतं.

हप्त्यांबद्दल: ‘महिन्याला फक्त एवढेच’ असं सांगतात तेव्हा बऱ्याचदा तो क्लासचा हप्ता नसून वित्तसंस्थेचं कर्ज असतं. क्लास सोडला तरी कर्ज सुटत नाही आणि हप्ता चुकला की सिबिलवर दिसतं. महिन्याचे किंवा एका सत्राचे पैसे कर्जाशिवाय थेट घेणारा क्लासच बघा. वर्षाचं पॅकेज सातवीच्या मुलासाठी कशालाही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

---

मिरज_जंक्शन

फुकटातलं मी सांगतो.

केंब्रिज विद्यापीठाची ‘एनरिच’ ही गणिताच्या कोड्यांची साइट पहिली. १९९६ पासून चालू आहे, पूर्ण मोफत. कोडी वयोगटानुसार लावलेली आहेत आणि प्रत्येकावर एक ते तीन तारे. ११ ते १४ वयोगटातली एक तारेवाली घ्या आणि आठवड्याला दोनच. इंग्रजी साधं आहे, चित्रं भरपूर, आणि व्हिडिओ फारसे नसल्यामुळे तुमच्या दीड जीबीला धक्का लागत नाही. काही कोडी ‘लाइव्ह’ असतात, म्हणजे मुलांकडून उत्तरं मागवतात आणि निवडक उत्तरं छापतात. बोलताना अडखळते म्हणालात, तर हा चांगला मार्ग: बोलायचं नाही, लिहायचं. एक चूक टाळा. कोड्याच्या पानावरच ‘सुरुवात कशी करावी’ आणि ‘उत्तर’ हे भाग असतात. कोडं वहीत उतरवून घ्या आणि लॅपटॉप बंद करा. नाहीतर तिसऱ्या मिनिटाला बोट तिकडे जातंच.

दुसरी अमेरिकेतली ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ ही साइट, जिला सगळे एओपीएस म्हणतात. त्यांचं ‘अल्क्युमस’ मोफत आहे: एकामागून एक प्रश्न येतात, बरोबर आले की अवघड होत जातात, आणि प्रत्येकाखाली पूर्ण रीत दिलेली असते. तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं उघडताना पालकांची संमती लागते, तुमचा ईमेल द्या. यातला धोका असा की बहुतेक प्रश्नांचं उत्तर नुसतं टाइप करायचं असतं, त्यामुळे मुलं अंदाज ठोकतात. रंगीत पट्टी भरत जाते, शिकणं मागे राहतं. नियम ठेवा: वहीत कारण लिहिल्याशिवाय उत्तर टाइप करायचं नाही.

त्यांचे सशुल्क ऑनलाइन क्लासही आहेत आणि ते दर्जेदार आहेत, पण आपल्याकडून करताना तीन अडचणी. पहिली वेळ: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसात म्हणजे मार्च ते नोव्हेंबर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे पाच, आणि नोव्हेंबरनंतर सहा. त्यांची घड्याळं तासाने सरकतात, आपली नाही, त्यामुळे सत्राच्या मध्येच वेळ बदलते आणि एक क्लास हमखास चुकतो. दुसरी: पैसे शेकडो डॉलरमध्ये. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात आणि बहुतेक बँका वर दोन ते साडेतीन टक्के लावतात. तिसरी अडचण खरं तर तुमच्या मुलीच्या सोयीची: त्यांच्या वर्गात शिक्षकाचा चेहरा किंवा आवाज नसतो, सगळं टाइप करून चालतं. डेटा अगदी कमी, बोलण्याची भीती नाही, आणि नंतर वर्गाचा पूर्ण मजकूर वाचायला मिळतो. मात्र टाइपिंगचा वेग हवा, नाहीतर ती उत्तर लिहीपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. प्रवेशाआधी त्यांच्या साइटवर दोन मोफत चाचण्या आहेत, एक ‘तयारी आहे का’ आणि दुसरी ‘याची गरज आहे का’ अशी. दोन्ही सोडवूनच इयत्ता ठरवा. शाळेची इयत्ता इथे कामाची नाही.

खान अकॅडमीचा बराच भाग मराठीत आहे. पण तो शाळेचं गणित नीट समजावून सांगतो, कोडी देत नाही. कुठे पाया कच्चा निघाला तर तेवढ्यापुरता वापरा.

आणि जिओजेब्रा, भूमितीच्या आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर. मोफत, एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू धरून ओढायचा आणि तिन्ही मध्यगा एकाच बिंदूत मिळतच राहतात हे बघायचं. ‘असं का’ हा प्रश्न त्यातून आपोआप येतो.

डेटाचा हिशोब: व्हिडिओ कॉलवरचा एक तासाचा क्लास दर्जानुसार साधारण अर्धा ते सव्वा जीबी खातो. दीड जीबीत बसतो, पण त्या दिवशी घरातल्या कुणी रील बघितल्या नाहीत तरच.

---

रविवारची_एसटी (वाई)

ऑलिंपियाडबद्दल थोडं थंड पाणी.

‘ऑलिंपियाड’ या नावाच्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेतून फॉर्म भरून घेतात, पर्यायी उत्तरांचा पेपर, जवळजवळ सगळ्यांना पदक: त्याचा खऱ्या ऑलिंपियाडशी काही संबंध नाही. खरा रस्ता मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा. पहिली पायरी आयओक्यूएम (इंडियन ऑलिंपियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स), आठवी ते बारावीसाठी: तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण. १० प्रश्न २ गुणांचे, १० प्रश्न ३ चे, १० प्रश्न ५ चे. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या, चुकीला गुण कापत नाहीत. त्यातून आरएमओ (रीजनल मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड, म्हणजे विभागीय फेरी), जिथे तीन तासांत फक्त सहा प्रश्न आणि प्रत्येकाची सिद्धता लिहायची. आपला विभाग महाराष्ट्र आणि गोवा. जुने पेपर केंद्राच्या साइटवर फुकट आहेत.

म्हणजे सातवीत कुणी ‘ऑलिंपियाड बॅच’ विकत असेल तर परीक्षा वर्षभर तरी लांब आहे. आठवीत बसली तरी दहावी-बारावीच्या मुलांच्या बरोबर. बसायला हरकत नाही, पण त्यासाठी आत्ता पेपरांचा रतीब घालू नका. आयओक्यूएमचे जुने पेपर सातवीला दिले की पहिले तीन-चार येतात, पुढचे येत नाहीत, आणि मूल ठरवून टाकतं की आपल्याला गणित येत नाही. चार विषय आहेत: संख्या सिद्धांत (नंबर थिअरी), बीजगणित, मोजणी आणि भूमिती. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) नाही, म्हणून फाउंडेशनवाल्यांचा ‘अकरावी आधीच करून घेतो’ हा दावा इथे निरुपयोगी. सातवीत संख्या सिद्धांत आणि मोजणी घ्या, बीजगणितात हात बसला की भूमिती.

पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेली. या विषयात महाराष्ट्रातलं जुनं आणि भरवशाचं नाव. साताऱ्याहून सुमारे ११० किलोमीटर, विट्याहून त्याहून बरंच लांब, दर रविवारी जमणारं नाही. त्यांच्या शिबिरांच्या आणि ऑनलाइन वर्गांच्या घोषणा त्यांच्याच साइटवर बघत राहा, मधल्या एजंटामार्फत जाऊ नका. राज्याच्या गणित अध्यापक महामंडळाच्या संबोध, प्रावीण्य, प्रज्ञा परीक्षा मराठीतून देता येतात. शाळेत विचारा.

एक विरोधी मुद्दाही नोंदवतो. ‘पटापट होतं’ म्हणजे पाया पक्का असं नाही. तिला विचारा: ३/४ आणि ५/७ यांतला मोठा कोणता, छेद सारखे न करता आणि तिरका गुणाकार न करता. एकाला पूर्ण व्हायला १/४ कमी, दुसऱ्याला २/७. १/४ म्हणजे २/८, ते २/७ पेक्षा लहान, म्हणून ३/४ मोठा. असं काही तरी तिच्या शब्दांत आलं तर पुढे जा. फक्त रीत आठवली तर आधी अपूर्णांकांवर महिनाभर थांबा, खान अकॅडमी त्यालाच आहे.

---

फळा_खडू (कोरेगाव)

वरच्यांनी क्लास सांगितले, मी घरचा आठवडा सांगतो. क्लास लावला तरी हे लागतंच.

पाच तासांचे असे भाग करा: दोन बैठका दीड-दीड तासाच्या, प्रत्येकीत एकच कोडं. उरलेले दोन तास जुनी कोडी नीट लिहून काढायला. मुलांना हा शेवटचा भाग आवडत नाही आणि क्लासवालेही टाळतात, पण ‘समजलं’ आणि ‘लिहिता आलं’ यांतलं अंतर इथेच कळतं. अडली तर वीस मिनिटं काही सांगायचं नाही. मग एवढंच विचारायचं: हेच लहान आकड्यांवर करून बघितलंस का? तक्ता केलास का? तरीही अडलं तर कोडं दुसऱ्या दिवसावर टाका. त्याच बैठकीत उत्तर बघायचं नाही.

वहीचं पान उभं दोन भागांत दुमडा. डावीकडे कच्चं काम, तिथे काहीही खोडायचं नाही. चुकीच्या वाटाही राहू द्या, क्लासच्या शिक्षकांना फोटो पाठवताना ती डावी बाजूच जास्त उपयोगी पडते. उजवीकडे कारणासह उत्तर. फोटो दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी, पान सपाट ठेवून, वरून घ्या. पेन्सिलचं काम फोटोत फिकट येतं, म्हणून निळं पेन.

पहिल्या आठवड्यासाठी आपल्याच मातीतलं कोडं देतो. द. रा. कापरेकर, देवळालीचे शाळाशिक्षक, त्यांनी शोधलेलं. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, आलेल्यावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ वर केलं तर पुन्हा ६१७४. कुठलीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते.

मुलं चुकतात ती शून्यापाशी. २१११ घ्या: २१११ − १११२ = ९९९. इथे तीन अंकी समजून पुढे गेलं तर ९९९ − ९९९ = ० आणि ‘नियम खोटा’ असं मूल जाहीर करतं. ते ०९९९ लिहायचं: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ९९८१ − १८९९ = ८०८२, मग ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि पुढच्या पायरीला ६१७४. म्हणून चार चौकटी आखून द्या, रिकामी चौकट म्हणजे शून्य.

हे झालं की खरं काम. तीन अंकांचं काय होतं? (४९५ वर थांबतं, पण सांगू नका.) दोन अंकांचं? तिथे थांबतच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ असं चक्र फिरतं. वजाबाकी दरवेळी ९ च्या पटीतच का येते, हे दोन अंकांसाठी ती नक्की सिद्ध करू शकेल: १०क + ख मधून १०ख + क वजा केले की ९(क − ख). तिच्या ९ च्या प्रश्नाचाच हा चुलतभाऊ.

---

शेष_शून्य (कराड)

कापरेकर मस्त. त्याला जोड म्हणून स्वयंपाकघरातलं एक. ७ वाट्या उपड्या ठेवा. एका खेळीत नेमक्या २ वाट्या उलटायच्या, कुठल्याही. सगळ्या सुलट्या करून दाखवायच्या. नाही जमलं तर का नाही, ते लिहायचं. मग हेच एका खेळीत नेमक्या ३ उलटून करायला द्या. हे कोडं डेमो क्लासमध्येही द्यायला लावा. ‘नाही जमत’ आणि ‘जमूच शकत नाही’ यांतला फरक शिक्षक कसा काढून घेतात, ते दिसेल.

---

आई_विटा

सगळ्यांचे आभार. अपूर्णांकाचं तिने ‘कोणाला किती कमी पडतंय’ असंच सांगितलं. एनरिच सुरू केलंय आणि दोन डेमो लावलेत. एका ठिकाणी ‘शत्रूचा शत्रू’ आलंच!

वाट्यांचं: २-२ ने तिने बराच वेळ केलं, मग लिहिलं की ‘सुलट्या वाट्या दरवेळी दोनने वाढतात, दोनने कमी होतात किंवा तेवढ्याच राहतात. सुरुवात शून्यापासून, म्हणून नेहमी समच, ७ कधीच नाही’. ३-३ ने तिला ५ खेळींत जमलं. ते बरोबर का? कमीत कमी किती लागतात?

---

शेष_शून्य (कराड)

ताई, पहिली सिद्धता पूर्ण आहे, त्यात एकही शब्द घालायची गरज नाही. वहीच्या उजव्या बाजूला तारखेसह उतरवून ठेवा.

५ खेळी बरोबर आहेत, पण ३ मध्येही होतं. तुमच्यासाठी सांगतो, तिला दाखवू नका: वाट्यांना १ ते ७ नंबर द्या. पहिल्यांदा १, २, ३ उलटा, मग १, ४, ५, मग १, ६, ७. पहिली वाटी तीनदा उलटते, बाकीच्या एकेकदा. २ खेळींत तर होणारच नाही, सहाच वाट्यांना हात लागतो.

तिला विचारायचं ते हे: ३ खेळींत जमतं, ५ मध्ये जमतं, मग ४ मध्ये जमेल का? अडली तर एवढंच सुचवा की प्रत्येक वाटी किती वेळा उलटली ते मोज आणि सातही आकड्यांची बेरीज कर. सुलटी झालेली वाटी विषम वेळाच उलटलेली असते, सात विषमांची बेरीज विषम, आणि ४ खेळींत एकूण उलटापालट १२. पुढचं ती बघेल.

त्यानंतर ८ वाट्या, ३-३ ने. आणि ६ वाट्या, ४-४ ने. दोन्ही जमतात, किती खेळींत ते इथे लिहायला सांगा.